राजाची सही, मंत्र्याची जबाबदारी: घटनात्मक राजेशाही चालते कशी?

जगात आजही चाळीसहून अधिक देशांच्या प्रमुखपदी राजा, राणी, सम्राट, अमीर किंवा सुलतान आहे. त्यातल्या पंधरा देशांचा राजा एकच आहे, ब्रिटनचा चार्ल्स तिसरा. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जमैका, पापुआ न्यू गिनी हे सगळे त्याच यादीत येतात. सौदी अरेबियासारख्या काही देशांत राजाच सत्ता चालवतो. पण युरोपातल्या जवळजवळ सगळ्या राजेशाही देशांत, जपानमध्ये आणि या पंधरा देशांत लोकांनी निवडलेलं सरकार राजाच्या नावाने कारभार करतं.

अशा राजाला अधिकार किती, असं सगळे विचारतात. या प्रश्नाने दिशाभूल होते. कागदावर पाहिलं तर ब्रिटनच्या राजाचे अधिकार अफाट आहेत. पंतप्रधान तो नेमतो, संसद तो विसर्जित करतो, त्याच्या मंजुरीशिवाय एकही विधेयक कायदा होत नाही. खरा प्रश्न वेगळा आहे. राजाने सही केली आणि त्यातून नुकसान झालं, तर जाब कोणाला विचारायचा? ज्या मंत्र्याने तसा सल्ला दिला त्याला, हे उत्तर असेल आणि त्या मंत्र्याला निवडून आलेलं सभागृह घरी पाठवू शकत असेल, तर ती घटनात्मक राजेशाही. यातली एक गोष्ट जरी नसली, तरी उत्तम लिहिलेलं संविधानही उपयोगी पडत नाही. जपानच्या आणि नेपाळच्या इतिहासात हे स्पष्ट दिसतं, त्याकडे पुढे येऊच.

भांडण पैशाचं होतं

ही व्यवस्था कोणी बैठक मारून आखलेली नाही. १२१५ साली इंग्लंडच्या सरदारांनी राजा जॉनकडून रनिमीडच्या कुरणात मॅग्ना कार्टा मान्य करून घेतला, तेव्हा त्यातल्या एका कलमात राज्यातल्या प्रमुखांच्या संमतीशिवाय काही कर बसवायचे नाहीत असं होतं. पोपने ती सनद काही आठवड्यांत रद्द ठरवली, पण कराला संमती लागते ही कल्पना रुजली.

चार शतकांनी चार्ल्स पहिला याने ती उखडून पाहिली. १६२९ ते १६४० अशी अकरा वर्षं त्याने संसद बोलावलीच नाही. पैसा कुठून आणायचा? युद्धकाळात जहाजांसाठी किनाऱ्यावरच्या गावांकडून एक कर घेतला जाई. तो त्याने शांततेच्या काळात, समुद्रापासून दूर असलेल्या परगण्यांवरही लादला. पुढे स्कॉटलंडशी लढाई उभी राहिली, तिजोरी आटली आणि संसद बोलवावीच लागली. तिथून यादवी युद्ध, ३० जानेवारी १६४९ रोजी राजाचा शिरच्छेद आणि अकरा वर्षांचं प्रजासत्ताक. १६६० मध्ये राजेशाही परत आली. १६८८ च्या अखेरीस जेम्स दुसरा देश सोडून पळाला, तेव्हा संसदेने विल्यम आणि मेरी यांना सिंहासन दिलं आणि सोबत अटी घातल्या.

१६८९ चं अधिकारांचं विधेयक हीच ती अटींची यादी. संसदेच्या संमतीशिवाय कर नाही, कायदा स्थगित करणं नाही, शांततेच्या काळात खडं सैन्य नाही. पण नुसत्या यादीने राजे सुधारत नसतात. अट पाळली जावी यासाठी संसदेने जी युक्ती केली ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत हुशारीची वाटते. सैन्यात शिस्त राखायची तर पळून जाणाऱ्या किंवा बंड करणाऱ्या शिपायाला लष्करी न्यायालयात उभं करता आलं पाहिजे. हा अधिकार संसदेने कायद्याने दिला, पण थोड्या मुदतीपुरता, आणि मग दरवर्षी नव्याने. पैशाचंही तसंच. राजाला आयुष्यभराची मिळकत बांधून न देता खर्चाची मंजुरी तुकड्यातुकड्याने द्यायची. परिणाम असा झाला की संसद न बोलावता वर्ष काढलं, तर राजाच्या हाती ना सैन्य राहतं ना पगाराला पैसे. १६८९ पासून आजपर्यंत ब्रिटनमध्ये संसद भरली नाही असं एकही वर्ष गेलेलं नाही. सैन्याविषयीचा मूळ कायदा आजही दर पाच वर्षांनी संसदेपुढे नव्याने आणावा लागतो.

१७०१ च्या वारसा कायद्याने दोन गोष्टी आणखी ठरल्या. गादीवर कोण बसणार हे संसद ठरवते, आणि न्यायाधीशांना राजाच्या मर्जीने काढता येत नाही.

वॉल्पोल आणि पेशवे

मराठी वाचकाच्या मनात इथे एक शंका येतेच. साताऱ्याला छत्रपती आणि पुण्याला पेशवे, हीसुद्धा राजा नाममात्र आणि कारभार प्रधानाकडे अशीच व्यवस्था नव्हती का? काळही तोच. शाहू छत्रपतींनी एप्रिल १७२० मध्ये बाजीरावांना पेशवेपदाची वस्त्रं दिली आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये रॉबर्ट वॉल्पोल सरकारचा सूत्रधार झाला. त्यालाच ब्रिटनचा पहिला पंतप्रधान मानतात. १७५० च्या सांगोल्याच्या करारानंतर तर राज्याचा कारभार साताऱ्याहून पुण्याकडेच गेला.

फरक कळतो तो दोघांनी पद कसं सोडलं ते पाहिल्यावर. एप्रिल १७४० मध्ये बाजीराव वारले आणि त्यांचे चिरंजीव नानासाहेब पेशवे झाले. फेब्रुवारी १७४२ मध्ये वॉल्पोलने राजीनामा दिला. राजा दुसरा जॉर्ज तेव्हाही त्याच्या बाजूने होता, पण कनिष्ठ सभागृहात त्याचं बहुमत सरलं होतं. पुण्यात सत्ता राजाकडून प्रधानाकडे गेली आणि प्रधानाच्या घराण्यात राहिली. पेशव्यांना जाब विचारणारं, त्यांना मतं मोजून काढणारं सभागृह नव्हतं. त्यामुळे माधवरावांसारखा कर्तबगार पुरुष निघाला तर कारभार उत्तम, आणि दुसऱ्या बाजीरावांच्या काळात तो ढासळला तर लोकांच्या हाती काहीच नाही. राजा दुबळा झाल्याने घटनात्मक राजेशाही येत नाही. त्याची सत्ता कोणाकडे गेली आणि तो कोणाला उत्तर देतो, यावर सगळं ठरतं.

इंग्लंडमध्येही हे एका रात्रीत झालं नाही. संसदेने संमत केलेल्या विधेयकाला शेवटचा नकार राणी ॲनने १७०८ मध्ये दिला. सभागृहात बहुमत असलेलं सरकार काढून टाकण्याचा शेवटचा प्रयत्न चौथ्या विल्यमने १८३४ मध्ये केला. त्याने लॉर्ड मेलबर्नला घालवून रॉबर्ट पील यांना आणलं. पील निवडणुकीला सामोरे गेले, त्यांच्या जागा वाढल्या, पण बहुमत मिळालं नाही. सभागृहात एकामागून एक पराभव झाले आणि एप्रिल १८३५ मध्ये राजाला मेलबर्न यांनाच परत बोलवावं लागलं. तो अधिकार कोणत्याही कायद्याने काढून घेतलेला नाही. वापरून पाहिला, अंगाशी आला, म्हणून तो मोडीत निघाला. ब्रिटनमधले बहुतेक संकेत असेच तयार झाले आहेत.

आज राजाच्या टेबलावर काय येतं

निवडणुकीत सत्ताधारी पक्ष हरला की पंतप्रधान राजवाड्यात जाऊन राजीनामा देतो. त्यानंतर थोड्याच वेळात बहुमत मिळवलेल्या पक्षाच्या नेत्याला बोलावणं जातं आणि सरकार बनवायला सांगितलं जातं. इथे राजाला निवड नसते. कोणालाच बहुमत नसेल तेव्हा मात्र पेच पडतो, आणि त्यावरचा तोडगा म्हणजे राजाला वाटाघाटींच्या खोलीतच येऊ द्यायचं नाही. ६ मे २०१० च्या निवडणुकीनंतर कोणाकडेच बहुमत नव्हतं. पक्षांनी आपापसात वाटाघाटी केल्या, ज्येष्ठ सनदी अधिकाऱ्यांनी त्यांना लागेल ती मदत केली, आणि चित्र स्पष्ट होईपर्यंत गॉर्डन ब्राउन पदावर राहिले. ११ मे रोजी त्यांनी राजीनामा दिला तेव्हा त्या वेळच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांच्यासमोर डेव्हिड कॅमेरून हे एकच नाव उरलं होतं.

रोजच्या कामात लाल पेट्यांतून कागद येतात. मंत्रिमंडळाचे निर्णय, परराष्ट्र खात्याच्या तारा, सह्यांसाठीची नेमणूकपत्रं. पंतप्रधान साधारण आठवड्यातून एकदा भेटतो. त्या भेटीला तिसरं कोणी नसतं आणि टिपण ठेवलं जात नाही. राजाला विचारलं जावं, त्याने धीर द्यावा आणि त्याने सावध करावं, एवढे तीन हक्क तिथे चालतात. सावध करूनही पंतप्रधानाने ऐकलं नाही तर राजाने सही करायची. अधिवेशनाच्या सुरुवातीला राजा जे भाषण वाचतो त्यातला शब्दन् शब्द सरकारचा असतो. आपल्याकडे राष्ट्रपतींचं अभिभाषण असतं ते तिथूनच आलेलं.

खर्चाचा हिशेबही उघड असतो. १७६० मध्ये तिसऱ्या जॉर्जने राजघराण्याच्या जमिनींचं उत्पन्न सरकारला दिलं आणि त्याबदल्यात ठरावीक रक्कम घेतली. २०१२ पासून तिला सार्वभौम अनुदान म्हणतात. या जमिनींचा, म्हणजे क्राउन इस्टेटचा, दोन वर्षांपूर्वीचा नफा पाहून त्याच्या ठरावीक टक्क्यांएवढी रक्कम दिली जाते. सुरुवातीला १५ टक्के, बकिंगहॅम राजवाड्याच्या दुरुस्तीसाठी २०१७ पासून २५ टक्के, मग १२ टक्के. टक्केवारी कमी का केली? समुद्रात पवनचक्क्या उभारायला दिलेल्या जागांमुळे क्राउन इस्टेटचा नफा वाढून २०२३-२४ मध्ये सुमारे १.१ अब्ज पाउंडांवर गेला. तरीही २०२४-२५ मध्ये ८.६३ कोटी पाउंड असलेलं अनुदान पुढच्या वर्षी १३.२१ कोटींवर पोचलं. सुरक्षेचा खर्च यात धरलेला नाही, तो वेगळा होतो. राजघराणं स्वस्त की महाग हा वाद घालणाऱ्यांनी आधी कोणता आकडा धरला आहे ते पाहावं. बहुतेक वाद तिथेच चुकतात.

सल्ला चुकीचा असेल तर काय होतं, हे २०१९ मध्ये दिसलं. ब्रेक्झिटचा तिढा ऐन भरात असताना पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी संसदेची सुमारे पाच आठवड्यांची सत्रसमाप्ती करण्याचा सल्ला दिला आणि २८ ऑगस्टला राणीने बाल्मोरल इथे तसा आदेश काढला. संकेत तसाच होता, तिने नकार दिला असता तर तीच राजकारणात उतरली असती. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला की हा सल्ला बेकायदा होता, म्हणून त्यावर उभा असलेला आदेश कोऱ्या कागदासारखा आहे, आणि संसदेचं अधिवेशन कधी संपलंच नव्हतं. निकालात राणीला दोष दिलेला नाही. जबाबदारी सल्ला देणाऱ्यावर पडते, हे तीनशे वर्षांचं तत्त्व न्यायालयाने जसंच्या तसं लावलं.

धागा तुटतो तेव्हा

सल्ला आणि जबाबदारी यांना जोडणारा हा धागा ऑस्ट्रेलियात ११ नोव्हेंबर १९७५ रोजी तुटला. वरिष्ठ सभागृहाने खर्चाची विधेयकं अडवून धरली होती. पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांच्याकडे कनिष्ठ सभागृहात बहुमत होतं. राणीचे प्रतिनिधी गव्हर्नर जनरल जॉन कर यांनी त्यांना पूर्वसूचना न देता बडतर्फ केलं आणि विरोधी पक्षनेते माल्कम फ्रेझर यांना काळजीवाहू पंतप्रधान केलं. कनिष्ठ सभागृहाने त्याच दुपारी फ्रेझर यांच्यावर अविश्वास दाखवला, पण गव्हर्नर जनरलनी संसद विसर्जित केली. निवडणूक फ्रेझर यांनी मोठ्या फरकाने जिंकली. तरीही प्रश्न उरतोच. मुळात रचनेतच खोट होती. पंतप्रधान राणीला सांगून गव्हर्नर जनरलला हटवू शकत होता आणि गव्हर्नर जनरल पंतप्रधानाला. अशा वेळी मोकळेपणाने बोलणं, सावध करणं हे सगळं संपतं, जो आधी हात उचलेल तो जिंकतो.

बेल्जियमचा पेच उलट्या प्रकारचा. तिथे १८३१ च्या संविधानापासून नियम आहे की मंत्र्याच्या प्रतिस्वाक्षरीशिवाय राजाचं कोणतंही कृत्य लागू होत नाही. पण राजानेच सही नाकारली तर? १९९० मध्ये संसदेने गर्भपाताचा कायदा संमत केला आणि राजा बोदुआँ यांनी आपल्या श्रद्धेला ते पटत नाही म्हणून सही करायला नकार दिला. सरकारने संविधानातलं राजा राज्य करण्यास असमर्थ असल्याचं कलम वापरलं. ते आजारपण वगैरेंसाठी होतं. त्या काळापुरते राजाचे अधिकार मंत्रिमंडळाकडे आले, मंत्र्यांनी कायद्यावर सह्या केल्या आणि दोनच दिवसांत संसदेने राजाला परत कामावर घेतलं. पळवाट चातुर्याची होती, पण दर वेळी असं करता येत नाही. डिसेंबर २००८ मध्ये लक्झेंबर्गचे ग्रँड ड्यूक आँरी यांनी इच्छामरणाच्या कायद्याला मान्यता देणार नाही असं सांगितलं, तेव्हा तिथल्या संसदेने मूळच कापलं. काही महिन्यांत संविधान बदललं. आता ग्रँड ड्यूक कायदा फक्त जाहीर करतो, त्याला मान्यता देत नाही.

स्वीडन सर्वांत पुढे गेला. १ जानेवारी १९७५ पासून लागू झालेल्या संविधानानुसार राजा कायद्यावर सहीच करत नाही, आणि पंतप्रधानाचं नाव संसदेचा अध्यक्ष सुचवतो. नकाराची शक्यताच उरलेली नाही. मला हाच मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो. वापरायचेच नसलेले अधिकार कागदावर ठेवून सगळा भार संकेतांवर टाकला, की कधीतरी कोणीतरी ते वापरून पाहतो.

जपानचं उदाहरण सर्वांत महागडं. १८८९ च्या मेइजी संविधानात मंत्र्यांच्या प्रतिस्वाक्षरीची अट होती, निवडून आलेलं सभागृहही होतं. पण सैन्याचं सर्वोच्च नेतृत्व थेट सम्राटाकडे ठेवलं होतं. सेनादलांचे प्रमुख मंत्रिमंडळाला वगळून सम्राटाला भेटत. सैन्यमंत्री सेवेतला अधिकारीच हवा, हा नियम १९३६ मध्ये परत आणला गेला, त्यामुळे सैन्याने माणूस द्यायला नकार दिला की सरकार कोसळे. म्हणजे १६८९ मध्ये इंग्रजांनी जी गाठ मारली होती, नेमकी तीच जपानमध्ये सुटी राहिली. ३ मे १९४७ पासून लागू असलेल्या संविधानात सम्राट हे राष्ट्राचं आणि जनतेच्या ऐक्याचं प्रतीक आहेत. राज्यकारभाराचे कोणतेही अधिकार त्यांना नाहीत आणि राज्याशी संबंधित प्रत्येक कृत्याला मंत्रिमंडळाचा सल्ला व मान्यता लागते. इतकी की सम्राट अकिहितो यांना वार्धक्यामुळे पायउतार व्हायचं होतं, तर त्यासाठी २०१७ मध्ये खास कायदा करावा लागला. ३० एप्रिल २०१९ रोजी ते निवृत्त झाले.

नेपाळमध्येही कच्चा दुवा सैन्य हाच होता. १९९० च्या जनआंदोलनानंतर तिथे घटनात्मक राजेशाही आली, पण शाही सैन्याची निष्ठा राजवाड्याशी राहिली. मे २००२ मध्ये संसद विसर्जित झाली आणि नवी निवडणूक झालीच नाही. जाब विचारणारं सभागृहच नसताना राजा ज्ञानेंद्र यांनी अडचणी दूर करण्यासाठी ठेवलेल्या कलमाचा आधार घेऊन पंतप्रधानांना हटवलं. १ फेब्रुवारी २००५ रोजी त्यांनी सगळी सत्ता स्वतःकडे घेतली. एप्रिल २००६ च्या आंदोलनाने त्यांना माघार घ्यायला लावली आणि २८ मे २००८ रोजी संविधान सभेने ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेशाही संपवली.

त्याच वर्षी शेजारच्या भूतानमध्ये राजाने पुढाकार घेऊन उलटा प्रवास केला, आपली सत्ता सोडून घटनात्मक राजेशाही आणली. तिथल्या संविधानात राजाने वयाच्या ६५ व्या वर्षी निवृत्त व्हायचं असं लिहिलं आहे. संसदेच्या संयुक्त बैठकीत तीन चतुर्थांश मतं पडली आणि जनमतात ते मान्य झालं, तर राजाला पद सोडावं लागतं.

औंध आणि दिल्ली

असा पुढाकार आपल्याकडेही घेतला गेला होता. सातारा भागातल्या औंध संस्थानात ७२ गावं होती, वस्ती जेमतेम पाऊण लाख. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन यांच्या साथीने आणि महात्मा गांधींचा सल्ला घेऊन जानेवारी १९३९ मध्ये प्रजेच्या हाती कारभार देणारी घटना लागू केली. पाया ग्रामपंचायतीचा होता. गावाने पंच निवडायचे आणि वरच्या पातळ्या त्यांच्यातून उभ्या राहायच्या. मार्च १९४८ मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झालं, त्यामुळे नऊच वर्षं मिळाली.

शाळेत क्वचितच सांगितलं जातं, पण १५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० या काळात स्वतंत्र भारत हीसुद्धा घटनात्मक राजेशाहीच होती. सहावे जॉर्ज हे राजे आणि चक्रवर्ती राजगोपालाचारी हे शेवटचे गव्हर्नर जनरल. एप्रिल १९४९ च्या लंडन जाहीरनाम्याने प्रजासत्ताक भारताला राष्ट्रकुलात राहण्याची वाट करून दिली. राजा गेला, पण त्याच्याभोवतीची यंत्रणा आपण ठेवली. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचं हे अनुच्छेद ७४ मध्ये आहे. मूळ संविधानात तो सल्ला बंधनकारक असं स्पष्ट नव्हतं. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने ते लिहिलं गेलं, आणि १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने राष्ट्रपतींना एकदा फेरविचार करायला सांगण्याची मुभा दिली. सावध करण्याचा जुना हक्कच तो, फक्त लिहून ठेवलेला.

एक फट मात्र राहिली. विधेयकावर सही करायला किती दिवस, हे संविधानात लिहिलेलं नाही. १९८६ मध्ये संसदेने टपाल कायद्यात दुरुस्ती करून पत्रं उघडून पाहण्याचे अधिकार वाढवले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्या विधेयकावर सहीही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही. ते तसंच पडून राहिलं. राज्यांच्या पातळीवर हा प्रश्न रोजचा झाला आहे. तमिळनाडूत राज्यपालांनी विधेयकं अडवून ठेवली आणि तो वाद २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजला. लक्झेंबर्गच्या संसदेने नकार आल्यावर काही महिन्यांत संविधानातला शब्द बदलला. आपल्या अनुच्छेद २०० मध्ये राज्यपालांनी विधेयक परत पाठवायचं तर ते शक्य तितक्या लवकर पाठवावं एवढंच म्हटलं आहे, आणि ते किती लवकर हे दिवसांत मोजून लिहिण्याचं काम संसदेपुढे अजून बाकी आहे.